कर्करोग आणि आनुवंशिकता: घराण्याचा नकाशा काढण्यापासून तपासणीचा अहवाल वाचण्यापर्यंत

घरात कुणाला कर्करोगाचे निदान झाले की पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न हळू आवाजात विचारला जातो: "हे आपल्या घराण्यात आहे का?" त्यावर एक तर 'छे, असे काही नसते' ही समजूत मिळते, नाही तर 'आईला झाला म्हणजे मुलीला होणारच' ही भीती. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. एकूण कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच कर्करोग एखाद्या वारशाने आलेल्या ठळक जनुकीय दोषामुळे होतात; मात्र ज्या घरात तो दोष असतो त्या घरासाठी हा आकडा लहान राहत नाही, कारण तिथे पुढच्या माणसाला आजार होण्यापूर्वीच काही करता येण्याजोगे असते. आपले घर त्या थोड्या घरांपैकी आहे का, हे कोणत्या क्रमाने शोधावे, ते या लेखात मांडले आहे.

आधी मूळ गोष्ट: कडी आणि कुलूप

कर्करोग हा नेहमीच जनुकांचा आजार असतो, पण नेहमीच आनुवंशिक नसतो. वय, तंबाखू, किरणोत्सार, काही विषाणू आणि पेशी विभागताना आपोआप होणाऱ्या चुका यांमुळे आयुष्यभरात आपल्या पेशींच्या जनुकांत बदल साचत जातात. फुप्फुसाच्या पेशीत झालेला असा बदल त्या माणसाबरोबरच संपतो, तो मुलांकडे जात नाही. मुलांकडे जातो तो बीजांडात किंवा शुक्राणूत असलेला बदल, आणि असा बदल घेऊन जन्मलेल्या मुलाच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत तो असतो.

आता पेशींच्या वाढीवर लक्ष ठेवणाऱ्या जनुकांचा विचार करू. अशा प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. दाराला कडीही असावी आणि कुलूपही असावे, तशी ही व्यवस्था आहे. बहुतेकांच्या बाबतीत कडी आणि कुलूप ही दोन्ही एकाच पेशीत मोडायला अनेक दशके लागतात, आणि पुष्कळांच्या बाबतीत तसे कधीच होत नाही. वारशाने दोष आलेल्या माणसाच्या मात्र प्रत्येक पेशीत कुलूप जन्मापासूनच मोडलेले असते आणि दार नुसत्या कडीवर असते. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली लहान मुलांच्या डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाच्या नोंदी तपासून हे दोन आघातांचे गणित मांडले. ते एकदा समजले की पुढच्या सगळ्या खुणा पाठ कराव्या लागत नाहीत: आनुवंशिक कर्करोग कमी वयात का होतो, दोन्ही डोळ्यांत किंवा दोन्ही स्तनांत का होतो, एकाच माणसाला दोन वेगवेगळे कर्करोग का होतात, हे त्यातूनच उलगडते.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते, ती म्हणजे वारशाने कर्करोग येत नाही, येते ती जोखीम. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे दोष असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि हे नाणे प्रत्येक अपत्याच्या वेळी नव्याने उडवले जाते. मुलगी आईसारखी दिसते किंवा दोघींचा रक्तगट एक आहे, याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. 'हा आजार एक पिढी सोडून येतो' असेही म्हटले जाते. दोष पिढी सोडत नाही. तो मधल्या पिढीतल्या पुरुषाकडे असतो, त्याला स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता कमी आणि बीजांडकोश त्याला नसतातच, म्हणून तो निरोगी राहून मुलीकडे वारसा पोहोचवतो.

पहिली पायरी: नकाशा काढणे

कुठलीही रक्ततपासणी करण्यापूर्वीची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी तपासणी म्हणजे तीन पिढ्यांचा नकाशा. आपल्याकडे जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ काढण्याची सवय आहे, पण ती इथे कामाची नाही, कारण तिच्यात खापरपणजोबापासून आपल्यापर्यंत फक्त वडिलांकडचे पुरुष असतात. आत्या लग्न होऊन गेली की ती कागदावरून पुसली जाते आणि आईचे माहेर तर त्यात नसतेच. आपल्याला नेमकी हीच माणसे हवी आहेत.

या कामात मराठीची मोठी मदत होते. मावशी, मामा, आत्या, काका, मावसबहीण, आतेभाऊ, चुलतभाऊ हे शब्दच नाते कोणत्या बाजूचे ते सांगतात, आणि या नकाशात बाजू हीच पहिली गोष्ट असते. कोरा कागद आडवा घ्यावा. डावीकडे वडिलांची बाजू आणि उजवीकडे आईची बाजू ठेवावी. पुरुषासाठी चौकोन आणि स्त्रीसाठी वर्तुळ काढावे, कर्करोग झालेल्या माणसाचे चिन्ह काळे करावे, मृत व्यक्तीच्या चिन्हावर तिरकी रेघ मारावी. प्रत्येकाखाली चार गोष्टी लिहाव्यात: कर्करोग कोणत्या अवयवात सुरू झाला, निदान कोणत्या वयात झाले, एकाच बाजूला होता की दोन्ही, आणि आजचे किंवा मृत्यूसमयीचे वय. ज्यांना काही झाले नाही त्यांचीही नोंद करावी. ऐंशी वर्षे ठणठणीत जगलेल्या तीन मावश्या ही मोठी माहिती असते.

निदानाचे वय आणि मृत्यूचे वय यांत गल्लत होऊ देऊ नये. 'यकृताचा' किंवा 'हाडांचा' कर्करोग असे घरात सांगितले जाते, तेव्हा तो पुष्कळदा दुसऱ्या अवयवातून पसरलेला असतो, म्हणून सुरुवात कुठे झाली हे विचारावे.

जुन्या पिढीची माहिती काढणे हे खरे कसब आहे. एक कल्पित घर घेऊ. त्रेचाळीस वर्षांच्या सुनंदाला स्तनाचा कर्करोग झाला आहे, आईच्या बाजूला कुणालाही काही नाही, म्हणून 'आमच्याकडे ही पहिलीच' असे सगळे धरून चालले आहेत. वडिलांच्या आईबद्दल फक्त 'पोटात पाणी होऊन गेली' एवढेच माहीत आहे. सुनंदा आत्याकडे जाऊन बसते.

"आत्या, आजीचं पोट किती दिवसांत वाढलं गं?"

"अगं, दिवाळीला चांगली होती. संक्रांतीला लुगड्याची गाठ बसेना."

"कावीळ झाली होती का? ताप यायचा?"

"नाही बाई. दोनदा सुई घालून पाणी काढलं, पुन्हा भरलं. दुष्काळाचं वर्ष ते, बहात्तरचं. माझं लग्न त्याच उन्हाळ्यात घाईघाईनं उरकलं, तिला बघायचं होतं म्हणून."

"तिचं वय काय असेल तेव्हा?"

"थोरला दादा झाला तेव्हा ती विशीची, आणि दादा तेव्हा सव्वीस-सत्तावीसचा."

म्हणजे आजी सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांची होती. पोटात पाणी यकृताच्या आजाराने होते, क्षयाने होते आणि बीजांडकोशाच्या कर्करोगानेही होते; कावीळ नाही, ताप नाही, दोन-तीन महिन्यांत पोट वाढले आणि काढलेले पाणी पुन्हा भरले, एवढ्यावरून निदान होत नाही, परंतु नकाशात बीजांडकोशापुढे प्रश्नचिन्ह टाकायला ते पुरेसे आहे. बोलता बोलता आत्याला आठवते, की धाकटे काका एकसष्टाव्या वर्षी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले. सुनंदाच्या कागदावरची रिकामी समजली गेलेली डावी बाजू आता भरू लागते.

वय आठवत नसेल तर घटना विचाराव्यात. पानशेत फुटले ते १९६१, कोयनेचा भूकंप १९६७, किल्लारीचा १९९३. अशा खुंट्यांवर घरातली लग्ने, मुंजी आणि बाळंतपणे बरोबर टांगलेली असतात. ट्रंकेत किंवा कपाटाच्या वर ठेवलेल्या जुन्या पिशवीत बायॉप्सीचा कागद मिळाला तर तो शंभर आठवणींपेक्षा मोलाचा असतो.

आणखी एक प्रश्न बहुतेक जण विचारायचे विसरतात: 'गर्भपिशवी काढली होती का, आणि तिच्याबरोबर बीजांडकोशही काढले का?' आपल्याकडे पुष्कळ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया तरुणपणीच होते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्या जाण्याचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला होता. पस्तिसाव्या वर्षी बीजांडकोश काढलेल्या स्त्रीला त्यांचा कर्करोग होण्याची शक्यता जवळपास संपते, त्यामुळे तिच्या वर्तुळाचे कोरेपण दोष नसल्याची साक्ष देत नाही. ज्या घरात मुलीच कमी आहेत किंवा माणसे अपघाताने, साथीने लवकर गेली आहेत, तिथेही नकाशा असाच मुका राहतो.

दुसरी पायरी: नकाशा वाचणे

पहिल्यांदा सवयीचा वारसा वेगळा काढावा. आजोबा, वडील आणि काका तिघांनाही तोंडाचा कर्करोग झाला आणि तिघेही तंबाखू खात होते, किंवा सासू-सुना दोघीही मशेरी लावत होत्या, तर जनुके शोधण्याआधी डबी फेकावी. सासू-सुनेचे रक्ताचे नाते नसते, तरी आजार एकच होतो, यातच त्याचे उत्तर आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोगही जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. त्यावर लस आणि नियमित तपासणी हे उपाय आहेत, जनुकीय चाचणी नव्हे. ऐंशीच्या घरातल्या दोन आजोबांना वेगवेगळे कर्करोग झाले असतील तर तोही बहुधा वयाचाच भाग असतो.

त्यानंतर उरलेल्यांत पुढील खुणा दिसतात का ते पाहावे. स्तन, मोठे आतडे किंवा गर्भाशयाचे अस्तर यांचा कर्करोग पन्नाशीच्या आत. बीजांडकोशाचा किंवा स्वादुपिंडाचा कर्करोग कोणत्याही वयात. पुरुषाला स्तनाचा कर्करोग. ज्यांवर नेहमीची औषधे काम करतात ती पेशीतली तीनही ग्राहके (प्रथिने) नसलेला, म्हणजे 'ट्रिपल निगेटिव्ह' स्तनाचा कर्करोग. दोन्ही स्तनांत किंवा एकाच व्यक्तीला दोन स्वतंत्र कर्करोग. आणि एकाच बाजूच्या तीन किंवा अधिक नातेवाइकांना परस्परांशी संबंधित कर्करोग. यांपैकी एखादी खूणही तज्ज्ञाला भेटण्यास पुरेशी आहे. वयाची खूण मात्र एकटीच धरून घाबरू नये, कारण भारतात स्तनाचा कर्करोग एकूणच पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात आढळतो आणि आपली लोकसंख्या तरुण असणे हे त्याचे एक साधे कारण आहे.

'परस्परांशी संबंधित' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण एकच दोष वेगवेगळ्या माणसांत वेगवेगळ्या अवयवांत प्रकटतो. सतराव्या गुणसूत्रावरील बीआरसीए-१ आणि तेराव्या गुणसूत्रावरील बीआरसीए-२ या जनुकांतील दोषांचा संबंध स्तन, बीजांडकोश, स्वादुपिंड आणि प्रोस्टेट यांच्याशी असतो. म्हणून सुनंदाचा स्तन, आजीचे पोट आणि काकांचे स्वादुपिंड ही तीन दुःखे नसून एकच धागा असू शकतो. मोठे आतडे, गर्भाशयाचे अस्तर, जठर आणि बीजांडकोश हा दुसरा गट लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकाराचा. त्याची कथा १८९५ सालची आहे: अमेरिकेतील मिशिगनमध्ये आल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञाला त्यांच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितले, की आमच्याकडची माणसे पोटाच्या नाही तर गर्भाशयाच्या आजाराने जातात, मीही तशीच जाणार, आणि ती पुढे गर्भाशयाच्या कर्करोगानेच गेली. त्या घराण्याचा नकाशा वॉर्थिन यांनी काढला, त्याला कारणीभूत असलेली जनुके मात्र १९९० च्या दशकात सापडली. याशिवाय मोठ्या आतड्यात शेकडो गाठी असणे, मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग, लहान मुलांमध्ये हाडामांसाचा कर्करोग, फोटोत बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसणे, या गोष्टी दुर्मीळ असल्या तरी त्यांपैकी एक जरी आढळली तरी थांबू नये.

तिसरी पायरी: कोणाला भेटावे आणि आधी कोणाची तपासणी करावी

हा नकाशा घेऊन कर्करोगतज्ज्ञाकडे जावे आणि जनुकीय समुपदेशनाची चिठ्ठी मागावी. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा या विषयाचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग आहे, आणि मोठ्या शहरांतील इतर काही कर्करोग केंद्रांतही समुपदेशक भेटतात. परस्पर प्रयोगशाळेत जाऊन किंवा घरपोच येणारा लाळेचा संच मागवून सुरुवात करू नये. अशा काही संचांत एखाद्या जनुकातले मोजकेच बदल पाहिले जातात, आणि तेवढ्यावर 'दोष नाही' असा निर्वाळा मिळाला की माणूस निर्धास्त होतो.

पुष्कळ घरांत सर्वांत मोठी चूक इथे होते: आजारी व्यक्तीला त्रास नको म्हणून तिची निरोगी मुलगी तपासून घेते. वास्तविक पहिला नमुना ज्या व्यक्तीला कर्करोग झाला आहे, शक्यतो सर्वांत कमी वयात झाला आहे, तिचाच हवा. तिच्यात दोष सापडला तर घरातल्या बाकीच्यांत तो एकच बदल पाहायचा असतो आणि ती चाचणी बरीच स्वस्त पडते. तिच्यात काय आहे हे ठाऊक नसताना मुलीचा अहवाल कोरा आला, तर मुलीला दोष मिळालाच नाही, की घरातला दोष या चाचणीत दिसण्याजोगाच नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. ती व्यक्ती हयात नसेल तर तिच्या शस्त्रक्रियेतील मेणात जपलेला पेशींचा तुकडा रुग्णालयात शिल्लक आहे का, हे विचारावे.

चाचणी साधारणतः थोड्याशा रक्तावर होते आणि अहवालाला काही आठवडे लागतात. दोन प्रश्न मात्र आधीच विचारावेत: जनुकाचा मोठा तुकडा गळालेला असेल तर तो या चाचणीत दिसेल का, आणि ही चाचणी रक्ताची आहे की गाठीची? गाठीच्या तपासणीत सापडलेला बदल केवळ त्या गाठीपुरता असू शकतो, त्यामुळे तो वारशाचा आहे की नाही हे रक्तावरूनच ठरते. ज्यांच्यावर दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झाले आहे त्यांच्या रक्तात दात्याची जनुके असतात. त्यांनी हे आवर्जून सांगावे, म्हणजे नमुना त्वचेतून घेता येतो.

चौथी पायरी: अहवाल वाचणे

अहवालात बदलाची वर्गवारी पाच प्रकारांत केलेली असते: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. पहिल्या दोन प्रकारांवर कृती करायची, शेवटचे दोन विसरून जायचे. गोंधळ होतो तो मधल्या प्रकाराचा, ज्याला दवाखान्यात 'व्हीयूएस' म्हणतात. जगातील तुलनेच्या माहितीसाठ्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचीच माहिती अधिक असल्याने भारतीय माणसाच्या अहवालात हा शेरा जास्त वेळा येतो. त्याच्या आधारावर शस्त्रक्रिया करून घेऊ नये आणि नातेवाइकांची रांगही लावू नये. माहिती वाढते तसे असे बहुतेक बदल निरुपद्रवी ठरतात, म्हणून दोन-एक वर्षांनी त्याच केंद्राकडे फेरचौकशी करावी.

'दोष आढळला नाही' या वाक्याचेही दोन अर्थ होतात. घरात सापडलेला दोष आपल्यात नाही, हा खरा दिलासा आहे आणि मग आपली जोखीम इतर सर्वसाधारण माणसांइतकीच. घरात दोष कोणता हेच माहीत नसताना आलेला तोच शेरा फारसे काही सांगत नाही, आणि तेव्हा देखरेख नकाशावरूनच ठरवावी लागते.

पाचवी पायरी: दोष आढळला तर

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील सुमारे १० हजार स्त्रियांच्या पाहणीनुसार ऐंशी वर्षे वयापर्यंत स्तनाच्या कर्करोगाची जोखीम बीआरसीए-१ दोषात ७२ टक्के आणि बीआरसीए-२ दोषात ६९ टक्के, तर बीजांडकोशाची अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के आढळली. हे आकडे संपूर्ण आयुष्याचे आहेत, पुढच्या वर्षाचे नाहीत. तिशीतल्या मुलीला निर्णयासाठी महिने मिळतात, तास नव्हे.

स्तनांसाठी पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय आणि तिशीपासून त्याच्या जोडीला मॅमोग्राफी हा देखरेखीचा मार्ग आहे. दोन्ही स्तन आधीच काढून टाकण्याने जोखीम ९० टक्क्यांच्या आसपास कमी होते, पण तो निर्णय सर्वस्वी त्या स्त्रीचा, सासरचा किंवा माहेरचा नव्हे. बीजांडकोशांचे मात्र वेगळे आहे. सोनोग्राफी आणि सीए-१२५ (रक्तातले एक प्रथिन) यांच्या नियमित तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत, हे ब्रिटनमधील दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत २०२१ साली स्पष्ट झाले. म्हणून मुले झाल्यानंतर, बीआरसीए-१ मध्ये पस्तीस ते चाळीस आणि बीआरसीए-२ मध्ये चाळीस ते पंचेचाळीस या वयात बीजांडकोश आणि बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला दिला जातो. लवकर येणाऱ्या रजोनिवृत्तीचे परिणाम या चर्चेत आधीच बोलून घ्यावेत. लिंच सिंड्रोममध्ये विशीच्या सुरुवातीपासून किंवा पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करतात, आणि ती खरोखरच जीव वाचवते, कारण गाठ कर्करोग होण्याआधीच काढता येते.

पुरुषांनी स्वतःला यातून वगळू नये. बीआरसीए-२ असलेल्यांना चाळिशीपासून प्रोस्टेटची तपासणी सुचवली जाते. आजारी असलेल्या सुनंदासाठीही हा अहवाल कामाचा आहे, कारण ओलापॅरिबसारखी औषधे नेमक्या याच दोषाच्या कर्करोगात काम करतात.

सहावी पायरी: नातेवाइकांना सांगणे

आई-वडील, भावंडे आणि मुले यांच्यात तोच दोष असण्याची शक्यता निम्मी, आत्या-काका आणि भाचे-पुतणे यांच्यात पाव, चुलत-आते भावंडांत अष्टमांश. बीआरसीएसारख्या प्रौढ वयात त्रास देणाऱ्या दोषासाठी अठरा वर्षांखालील मुलांची तपासणी करू नये. रेटिनोब्लास्टोमा, आतड्यातील शेकडो गाठी किंवा मेड्युलरी थायरॉइड यांचा दोष असेल तर मात्र ती बालपणीच करावी लागते, कारण उपायही बालपणीच असतो.

मामाच्या मुलीशी लग्न करण्याची पद्धत असलेल्या घरांनी एक जास्तीची काळजी घ्यावी. दोष आईच्या माहेरचा असेल तर नवरा-बायको दोघांकडेही तो असू शकतो, आणि बीआरसीए-२ च्या दोन्ही प्रती सदोष मिळालेल्या बाळाला फॅन्कोनी ॲनिमिया हा गंभीर आजार होतो. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत ही शक्यता पावभर असते. मुलींची लग्ने अडतील या भीतीने अहवाल दडवून ठेवणारी घरे आहेत. ही भीती खोटी नाही, पण दोष मुलग्यांकडेही तेवढाच जातो, आणि अहवाल कपाटात ठेवल्याने तो कुणाच्या शरीरातून जात नाही. विम्याबाबत भारतात जनुकीय भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे पॉलिसीतील वगळलेल्या गोष्टींची कलमे वाचून घ्यावीत. अमेरिकेतील नातेवाइकांना २००८ च्या कायद्याने आरोग्यविमा आणि नोकरीत संरक्षण आहे, आयुर्विम्यात नाही.

सांगताना नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर अहवालाचा फोटो टाकू नये. एकेकाला फोन करावा आणि मागाहून चार ओळी लेखी पाठवाव्यात, कारण फोनवर ऐकलेले नाव डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही. सुनंदाने आतेभावाला पाठवलेला निरोप असा असू शकतो: "दादा, माझ्या तपासणीत बीआरसीए-२ या जनुकात दोष सापडला आहे, तो बाबांच्या बाजूने आला असण्याची शक्यता जास्त आहे. आधी आत्याची तपासणी केली तर तुला आणि ताईला करायची की नाही ते कळेल. माझ्या अहवालाचे पहिले पान सोबत पाठवते, त्यात बदलाचे पूर्ण नाव आहे. प्रयोगशाळेला तेच दाखव, म्हणजे सगळी चाचणी पुन्हा करावी लागणार नाही. घाई नाही, पण आत्याला दिवाळीच्या आत घेऊन ये, मी बरोबर येते."